परकी युद्धे, घरचा देव

जानेवारी २०१२. साउथ कॅरोलायना राज्यातल्या मर्टल बीच या समुद्रकाठच्या गावी रिपब्लिकन पक्षाच्या इच्छुक उमेदवारांची जाहीर चर्चा रंगली होती. टेक्ससचे खासदार रॉन पॉल यांची बोलण्याची पाळी आली. पेशाने प्रसूतितज्ज्ञ, गर्भपाताचे कट्टर विरोधक, सरकारी खर्चाच्या नावाने बोटे मोडण्यात हयात घालवलेले. म्हणजे त्यांच्या उजवेपणाबद्दल कुणाला शंका असण्याचे कारण नव्हते. ते एवढेच म्हणाले की दुसऱ्या देशांनी आपल्याशी जे करू नये असे आपल्याला वाटते, ते आपणही त्यांच्याशी करू नये. परराष्ट्र धोरणात हा नियम लावून पाहायला काय हरकत आहे? सभागृहाने त्यांची हुर्यो उडवली. त्या राज्यातल्या रिपब्लिकन मतदारांपैकी निम्म्याहून अधिक स्वतःला इव्हॅन्जेलिकल ख्रिस्ती म्हणवतात, रविवार चुकवत नाहीत, आणि पॉल सांगत होते तो नियम येशूच्या डोंगरावरच्या प्रवचनातला आहे.

चार वर्षांनी, फेब्रुवारी २०१६ मध्ये, त्याच राज्यातल्या ग्रीनव्हिल शहरात डोनाल्ड ट्रम्प यांनी तशाच व्यासपीठावरून इराकचे युद्ध ही घोडचूक होती असे ठणकावून सांगितले. समोर जेब बुश उभे होते, ज्यांच्या थोरल्या भावाने ते युद्ध सुरू केले होते. हुर्यो याही वेळी उडाली. मात्र आठवड्याभरात मतदान झाले तेव्हा ट्रम्प यांनी राज्यातले सगळेच्या सगळे, म्हणजे ५० प्रतिनिधी खिशात घातले.

हुर्यो उडवणारे सभागृहात होते आणि मते देणारे घरी बसून बघत होते, असे म्हणून हा विषय निकालात काढता येईल. त्यात तथ्यही आहे. पण एवढ्याने भागत नाही. चर्चला जाणारा, झेंड्याला सलाम ठोकणारा, ज्याच्या घरातले कुणी ना कुणी फौजेत आहे असा अमेरिकेचा उजवा मतदार युद्धाच्या बाबतीत नेमका कोणत्या बाजूचा, हा प्रश्न ऐंशी वर्षांहून अधिक काळ त्याच्या पक्षाला सुटलेला नाही. पुढचे लेख त्या न सुटलेल्या प्रश्नाविषयी आहेत.

मराठी वर्तमानपत्रांत अमेरिकेचे राजकारण येते ते दोन पक्षांचा सामना म्हणून. डेमोक्रॅट असे म्हणाले, रिपब्लिकन तसे म्हणाले, पुढे शेअर बाजार. उजव्यांच्या घरातली भाऊबंदकी आपल्या लक्षात येते ती तिची झळ आपल्याला लागते तेव्हाच. डिसेंबर २०२४ मध्ये एच-वन-बी व्हिसावरून ट्रम्प यांच्याच गोटात जुंपली, एका बाजूला इलॉन मस्क आणि विवेक रामस्वामी, दुसऱ्या बाजूला स्टीव्ह बॅनन, तेव्हा पुण्यातल्या आणि न्यू जर्सीतल्या मराठी घरांत एकदम जाग आली. पण तो वाद फांदीवरचा होता. अमेरिका म्हणजे सीमा, शेजार आणि पूर्वज असलेले एक घर, की जगाला काही द्यायला निघालेले एक मिशन, हे त्याचे मूळ. व्हिसा असो, युक्रेन असो, इराण असो, खणत गेले की तिथेच पोचतो.

मिशनची ही ऊर्मी फार जुनी आहे, आणि तिचा एक धागा थेट आपल्याकडे येतो. गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट हे दोघे अमेरिकन मिशनरी फेब्रुवारी १८१३ मध्ये मुंबईत उतरले. त्यांच्या देशाचे ब्रिटनशी युद्ध चालू होते, ईस्ट इंडिया कंपनीला हे पाहुणे नको होते, त्यांना परत धाडण्याची खटपट झाली, तरी ते राहिले. त्यातून अमेरिकन मराठी मिशन उभे राहिले, आणि १८४२ मध्ये अहमदनगरहून ‘ज्ञानोदय’ निघू लागले. समुद्रापलीकडच्या अनोळखी माणसाचे तारण हे आपले काम आहे असे मानणारी माणसे तिथे तेव्हापासून आहेत. पुढे त्यांच्या नातवंडा-पतवंडांच्या हाती विमानवाहू जहाजे आली, हा फरक लहान नाही.

त्याउलट घराची बाजू. सप्टेंबर १९४० मध्ये येल विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांच्या पुढाकाराने ‘अमेरिका फर्स्ट कमिटी’ स्थापन झाली. हिटलरने फ्रान्स गिळला होता आणि अमेरिकेने त्या युद्धात पडू नये अशी तिची मागणी होती. पुढे राष्ट्राध्यक्ष झालेले जेराल्ड फोर्ड तिच्या पहिल्या सदस्यांत होते, म्हणजे ही काही वेडपटांची टोळी नव्हती. सप्टेंबर १९४१ मध्ये आयोवातल्या डे मॉइन शहरी वैमानिक चार्ल्स लिंडबर्ग यांनी या चळवळीच्या व्यासपीठावरून भाषण केले आणि देशाला युद्धात ढकलणाऱ्यांच्या यादीत ब्रिटिश आणि रूझवेल्ट सरकार यांच्याबरोबर ज्यूंचे नाव घेतले. चळवळीच्या तोंडाला काळे फासले गेले ते त्या दिवशी. तीन महिन्यांनी पर्ल हार्बर झाले आणि कमिटीने गाशा गुंडाळला.

डे मॉइनचा हा डाग लक्षात ठेवायला हवा. पुढे जेव्हा जेव्हा कुणी उजवा माणूस युद्धाच्या विरोधात बोलला, तेव्हा त्याला लिंडबर्गचा वारस ठरवणे सोपे गेले. कधी तो आरोप अन्यायाचा होता. कधी, दुर्दैवाने, अगदी खरा.

ओहायोचे सिनेटर रॉबर्ट टाफ्ट यांच्यावर तो अन्यायाचा होता. ‘मिस्टर रिपब्लिकन’ म्हणून ओळखला जाणारा हा रुक्ष, हिशेबी, कायद्याचा कीस काढणारा माणूस १९४९ मध्ये नाटो कराराच्या विरोधात उभा राहिला. सिनेटने करार ८२ विरुद्ध १३ मतांनी मंजूर केला आणि त्या १३ जणांत टाफ्ट होते. युद्धासाठी फुगवलेले सरकार युद्ध संपल्यावर आकसत नाही, हे त्यांचे म्हणणे होते. १९५२ मध्ये पक्षाने त्यांना डावलून जनरल आयझेनहॉवर यांना उमेदवारी दिली, पुढच्या वर्षी टाफ्ट वारले आणि घराची बाजू मांडणारा वजनदार आवाज पक्षात जवळपास चाळीस वर्षे उरला नाही.

त्या चाळीस वर्षांत या भाऊबंदांना एकत्र नांदवले ते शत्रूने. सोव्हिएत रशिया नुसता प्रतिस्पर्धी नव्हता. तो निरीश्वरवादी होता. विल्यम बकली यांनी १९५५ मध्ये ‘नॅशनल रिव्ह्यू’ काढले तेव्हा त्या छत्राखाली बाजारवादी, कॅथलिक परंपरावादी आणि कम्युनिस्ट पक्ष सोडून आलेले पश्चात्तापदग्ध असे सगळे मावले, कारण मॉस्को सगळ्यांचाच वैरी होता. मार्च १९८३ मध्ये रोनाल्ड रेगन यांनी सोव्हिएत संघाला दुष्ट साम्राज्य म्हटले, ते संसदेत किंवा सेनादलांसमोर नव्हे, तर फ्लॉरिडात ऑरलँडो इथे, इव्हॅन्जेलिकल संघटनेच्या अधिवेशनात. श्रोते कोण आहेत हे रेगन यांना पक्के ठाऊक होते.

आज दोन्ही बाजू रेगन आमचेच म्हणतात आणि दोघींकडे पुरावा आहे. कारण त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये बैरुतमध्ये स्फोटकांनी भरलेला ट्रक अमेरिकी छावणीत घुसला, २४१ सैनिक मेले, आणि चारच महिन्यांत रेगन यांनी लेबनॉनमधून फौज माघारी बोलावली.

मॉस्कोचा लाल झेंडा उतरला तसा पुढच्या काही महिन्यांत जुना तंटा वर आला. पॅट बुकॅनन हे निक्सन आणि रेगन या दोघांच्याही पदरी राहिलेले कॅथलिक भाषणलेखक. पहिल्या आखाती युद्धाला त्यांनी विरोध केला आणि १९९२ मध्ये विद्यमान अध्यक्ष थोरल्या बुश (जेब यांचे वडील) यांनाच पक्षांतर्गत आव्हान दिले. न्यू हॅम्पशरमध्ये त्यांना सदतीस टक्क्यांच्या आसपास मते पडली. परदेशी लढाया बंद, परदेशी माल आणि माणसे यांना आवर, देशात चर्च आणि कुटुंब: २०१६ चा अवघा जाहीरनामा तेव्हाच लिहून तयार होता. मिशिगनमध्ये त्यांच्या प्रचाराची धुरा वाहिली रसेल कर्क यांनी, ज्यांच्या १९५३ च्या ग्रंथाला अमेरिकी कॉन्झर्व्हेटिव्ह चळवळ आपला पाया मानते. यावरून ‘खरा’ कॉन्झर्व्हेटिव्ह कोण या वादाची गंमत कळावी. मात्र याच कर्क यांनी १९८८ मधल्या एका भाषणात काही नवकॉन्झर्व्हेटिव्ह मंडळी तेल अवीवलाच अमेरिकेची राजधानी समजतात अशा अर्थाचा टोमणा मारला होता. डे मॉइनचा वास तिथेही येतो.

या सगळ्यात माझे मन सर्वांत जास्त रेंगाळले ते २००३ मध्ये. इराकवर चालून जाण्याआधीच्या सहा महिन्यांत अमेरिकी ख्रिस्ती उजव्यांनी न्याय्य युद्धाच्या ऑगस्टीनपासून चालत आलेल्या सिद्धान्ताची अशी काही ओढाताण केली की थक्क व्हावे. सदर्न बॅप्टिस्टांचे रिचर्ड लँड यांनी ऑक्टोबर २००२ मध्ये इतर चार इव्हॅन्जेलिकल धुरीणांच्या सह्या घेऊन राष्ट्राध्यक्ष धाकट्या बुश यांना पत्र पाठवले की हे युद्ध न्याय्य ठरते. कॅथलिक विचारवंत मायकेल नोव्हाक हेच पटवून द्यायला फेब्रुवारीत रोमला गेले. आणि तिकडून पोप जॉन पॉल दुसरे यांनी बुश घराण्याचे जुने स्नेही कार्डिनल पिओ लाघी यांना युद्ध टाळण्याची विनवणी करायला वॉशिंग्टनला धाडले. दिवस होता ५ मार्च, राखेचा बुधवार. कपाळाला राख लावून माणूस नश्वर आहे याची आठवण करण्याचा. पंधरवड्यात बॉम्ब पडू लागले. बुश ज्या मेथडिस्ट पंथाचे, त्याच्या बिशपांचाही युद्धाला विरोधच होता. कम्युनिझमच्या विरोधात ज्या पोपला अमेरिकी उजव्यांनी डोक्यावर घेतले होते, त्याचे यावेळी सभ्यपणे ऐकून घेतले गेले आणि विषय बाजूला ठेवला गेला.

घरातल्या विरोधकांच्या वाट्याला मात्र सभ्यपणाही आला नाही. बुश यांचे माजी भाषणलेखक डेव्हिड फ्रम यांनी एप्रिल २००३ मध्ये ‘नॅशनल रिव्ह्यू’त मुख्य लेख लिहून बुकॅनन आणि त्यांच्या साथीदारांना देशप्रेमशून्य ठरवले. आधीच्या ऑक्टोबरात प्रतिनिधिगृहातल्या सहा आणि सिनेटमधल्या एकाच रिपब्लिकनाने युद्धाच्या विरोधात मत दिले होते.

वॉल्टर जोन्स त्या सहांत नव्हते. नॉर्थ कॅरोलायनाचे हे खासदार युद्धाच्या बाजूने होते, इतके की फ्रान्सने विरोध केला म्हणून संसदेच्या उपाहारगृहातल्या ‘फ्रेंच फ्राइज’चे नाव बदलून ‘फ्रीडम फ्राइज’ करायला लावणाऱ्या दोघांपैकी ते एक. जगभर त्यांचे हसे झाले. त्यांच्या मतदारसंघात मरीन फौजेची कॅम्प लेज्यून ही प्रचंड छावणी आहे. युद्धाच्या पहिल्याच आठवड्यात तिथला एक सार्जंट मारला गेला. तो घरातून निघाल्यावर त्याला जुळे झाले होते, ती बाळे त्याने पाहिलीच नाहीत. जोन्स अंत्यविधीला गेले. विधवेने नवऱ्याचे शेवटचे पत्र वाचून दाखवले. त्यानंतर जोन्स मृत सैनिकांच्या घरच्यांना पत्रे लिहू लागले. इराककडे महासंहारक शस्त्रे आहेत हे युद्धाचे कारण खोटे होते हे कळल्यावर २००५ मध्ये त्यांनी उघड भूमिका बदलली, पण पत्रे थांबवली नाहीत. कार्यालयाबाहेरच्या भिंतीवर कॅम्प लेज्यूनच्या मृतांचे फोटो लागत गेले. जन्माने बॅप्टिस्ट, पुढे कॅथलिक झालेल्या या गृहस्थांना ती पत्रे म्हणजे प्रायश्चित्त वाटे. अकरा हजारांहून अधिक पत्रांवर त्यांनी सही केली. पक्षाने त्यांना समित्यांवर मागे ठेवले, पक्षातूनच विरोधात उमेदवार उभे राहिले, तरी छावणीच्या मतदारांनी त्यांना पुन्हा पुन्हा निवडून दिले. १० फेब्रुवारी २०१९ रोजी, आपल्या शहात्तराव्या वाढदिवशी, ते वारले. ट्रम्प साउथ कॅरोलायनात का जिंकले याचे उत्तर मतचाचण्यांपेक्षा मला या भिंतीवर जास्त स्पष्ट दिसते.

युद्धाने आणखी एक गोष्ट केली जिच्याबद्दल लँड यांच्या पत्रात चकार शब्द नव्हता. सद्दामच्या काळात इराकमध्ये दहा लाखांहून अधिक ख्रिस्ती राहत होते. आज त्यांतले थोडेच उरले आहेत. पहिल्या शतकांपासूनची चर्चे ओस पडली. अमेरिकी ख्रिस्ती उजव्यांच्या तरुण पिढीत, विशेषतः कॅथलिकांत, हा हिशेब आता मोठ्याने मांडला जातो.

इस्राएलचा पेच वेगळा आणि अधिक चिवट आहे. १९०९ मध्ये ऑक्सफर्डच्या छापखान्यातून सायरस स्कोफील्ड यांचे टीपांसह बायबल निघाले. वर वचन, खाली स्कोफील्ड यांची टीप, आणि टीपांत सगळा काळ युगांत विभागलेला, ज्यू आपल्या भूमीत परतणार, मग अंतिम संग्राम. अमेरिकेतल्या खेड्यापाड्यांतल्या लाखो घरांत हे बायबल पोचले. एकाच पानावर असल्याने वाचणाऱ्याच्या मनात टीपेलाही वचनाची प्रतिष्ठा आली. १९४८ मध्ये इस्राएल जन्मले तेव्हा या वाचकांना ती बातमी नव्हती, खूण होती. पास्टर जॉन हेगी यांनी २००६ मध्ये टेक्ससमध्ये उभारलेली इस्राएल-समर्थक संघटना याच जमिनीत रुजली, आणि मे २०१८ मध्ये जेरुसलेममध्ये अमेरिकी दूतावास उघडला तेव्हा आशीर्वादाची प्रार्थना करायला हेगीच होते.

जून २०२५ मध्ये या टीपांची जाहीर उलटतपासणी झाली. इस्राएलने इराणवर हल्ला चढवला होता आणि अमेरिकेने उतरावे की नाही यावर पक्ष दुभंगला होता. उजवे भाष्यकार टकर कार्लसन यांनी टेक्ससचे सिनेटर टेड क्रूझ यांना मुलाखतीत विचारले, इराणची लोकसंख्या किती? क्रूझ यांना सांगता येईना. मग क्रूझ म्हणाले की इस्राएलला आशीर्वाद देणाऱ्याला देव आशीर्वाद देतो हे आपण संडे स्कूलमध्ये शिकलो. कार्लसन यांनी विचारले, बायबलमध्ये कुठे? आणि ते वचन आजच्या नेतान्याहू सरकारबद्दल आहे का? वचन उत्पत्तीच्या पुस्तकातले, अब्राहामाला उद्देशून. दोन तट एकमेकांना नास्तिक म्हणत नव्हते. वचनाचा अर्थ काय यावर भांडत होते. चारच दिवसांत अमेरिकेने इराणमधल्या फोर्डो, नतान्झ आणि इस्फहानवर हल्ले केले. केंटकीचे टॉमस मॅसी संसदेच्या परवानगीविना युद्ध नको असा ठराव घेऊन उभे होते, ट्रम्प यांनी त्यांच्यावर आगपाखड केली.

इथे माझे मत सांगून टाकतो. युद्धविरोधी उजव्यांचा प्रश्न रास्त आहे असे मला वाटते आणि त्यांच्यावर माझा भरवसा नाही. ऑक्टोबर २०२५ मध्ये याच कार्लसन यांनी उघड ज्यूद्वेष्ट्या निक फ्युएंटेस यांना बोलावून अघळपघळ गप्पा मारल्या. उजव्यांची विचारसंस्था असलेल्या हेरिटेज फाउंडेशनच्या अध्यक्षांनी कार्लसन यांची पाठराखण केली, मग माफी मागितली. प्रिन्स्टनचे कॅथलिक विचारवंत रॉबर्ट जॉर्ज तिथले विश्वस्तपद सोडून बाहेर पडले. चौऱ्याऐंशी वर्षे झाली तरी ही बाजू डे मॉइनमधून बाहेर पडायला तयार नाही. आणि दुसरी बाजू या घाणीकडे बोट दाखवून इराकचा हिशेब द्यायचे टाळते. दोघांचेही एकमेकांवाचून चालत नाही.

श्रद्धेने एकच दिशा दाखवावी अशी अपेक्षा ठेवणाऱ्यांनी युक्रेनकडे पाहावे. २० एप्रिल २०२४ रोजी युक्रेनच्या मदतीवर मतदान झाले. विधेयक ३११ विरुद्ध ११२ मतांनी मंजूर झाले, विरोधातली सगळी ११२ मते रिपब्लिकन, आणि बाजूने पक्षाची १०१. म्हणजे स्वतःच्याच पक्षाचे बहुमत विरोधात असताना सभापती माइक जॉन्सन यांनी ते मतदानाला आणले. जॉन्सन सदर्न बॅप्टिस्ट. पूर्वी अशा मदतीविरुद्ध मत दिलेले. मतदानाआधी युक्रेनचे बॅप्टिस्ट त्यांना भेटले, त्यांत ओडेसावरच्या हल्ल्यात बायको आणि तान्हे मूल गमावलेला एक जण होता. दुसऱ्या बाजूला पुतिन यांच्यात ख्रिस्ती परंपरेचा रक्षक पाहणारे उजवेही कमी नव्हते.

उपराष्ट्राध्यक्ष जे. डी. व्हॅन्स हे या सगळ्या धाग्यांची गाठ. इराकमध्ये मरीन म्हणून गेलेले, २०१९ मध्ये कॅथलिक झालेले. जानेवारी २०२५ मध्ये ते म्हणाले की प्रेमाला क्रम असतो: आधी कुटुंब, मग शेजारी, मग देशबांधव, मग उरलेले जग. विषय स्थलांतरितांचा होता, पण त्यातून अख्खे परराष्ट्र धोरण निघते. पोप फ्रान्सिस यांनी पुढच्याच महिन्यात अमेरिकी बिशपांना पत्र लिहिले आणि व्हॅन्स यांचे नाव न घेता भल्या शोमरोन्याच्या दृष्टान्ताकडे बोट दाखवले, जिथे रस्त्यात पडलेल्या परक्याला परकाच उचलतो. मात्र हे क्रमाचे तत्त्वही सवलती देते. २०२५ च्या नाताळच्या दिवशी ट्रम्प यांनी नायजेरियातल्या इस्लामिक स्टेटच्या अड्ड्यांवर हल्ले केल्याचे जाहीर केले, ख्रिस्ती लोकांचे शिरकाण थांबवण्यासाठी म्हणून. परक्यांच्या लढाया नकोत म्हणणाऱ्यांतल्या अनेकांना ती लढाई परकी वाटली नाही.

वाचकाला दोन-तीन गोष्टी सांगायच्या आहेत. ट्रम्प यांच्यावर स्वतंत्र लेख एकच आहे. ते या भांडणाचे मालक नाहीत, लाभार्थी आहेत. डेमोक्रॅट पक्षातल्या फुटीला हात लावलेला नाही, तो दुसऱ्या पुस्तकाचा विषय. लेख कालानुक्रमे लावले असले तरी तसेच वाचले पाहिजेत असे नाही. घाई असेल त्यांनी टाफ्ट यांच्यावरचा लेख आधी वाचावा, मग २००३ चा. हे दोन वाचून झाल्यावर रोजच्या वर्तमानपत्रातली अमेरिकेची बातमी हाती घ्यावी, आणि बोलणारा घराच्या बाजूचा की मिशनच्या, हे आपले आपण ठरवावे; त्यात माझ्याशी मतभेद झाला तर जरूर कळवावे.